पुडी, दही आणि आईंचं मोडलेलं मनगट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ५४ वर्षांच्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. आई ७८ वर्षांच्या. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फरशीवर त्या घसरल्या, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या निमित्तानं दोघींचं रक्त तपासलं, तर व्हिटॅमिन डी तुमचं १६ आणि आईंचं ९ निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटांच्या पुड्या लिहून दिल्या, मेडिकलवाल्यानं त्यावर ‘के-टू’ (व्हिटॅमिन के चा एक प्रकार) असलेली महागडी गोळी गळ्यात मारली. आता तुम्ही विचारताय की हाडं टिकवायला नेमकी कोणती व्हिटॅमिनं घ्यायची, किती आणि किती दिवस. आईंना पूर्वी मुतखडा होऊन गेलाय म्हणून कॅल्शियमची धास्ती आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, आई रक्त पातळ करणारी गोळी घेतात असं लिहिलंय. ती ओळ खरं तर पहिली हवी होती.

मी आहारतज्ज्ञ आहे, इंदुरात बावीस वर्षं हाडांच्या डॉक्टरांबरोबर काम करतेय. औषध लिहून देणं माझं काम नाही. समोरच्याच्या ताटात काय आहे आणि पिशवीत कुठल्या गोळ्या आहेत हे पाहणं माझं काम. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातला औषधांचा भाग तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

सुरुवात तुमच्या प्रश्नात नसलेल्या गोष्टीपासून करते. उभ्या उभ्या घसरून या वयात मनगट मोडलं तर ‘पडलं की मोडणारच’ म्हणून ते सोडून देत नाहीत. हाड ठिसूळ झाल्याची ती चिठ्ठी असते. प्लास्टर निघालं, हात हलायला लागला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढची तपासणी राहून जाते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडचिडही होत नाही. आईंचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झालेला दिसत नाही, तो करून घ्या. खुबा आणि कंबरेचा मणका अशा दोन ठिकाणी मोजतात. टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. तसं निघालं तर हाडांची झीज थोपवणारं औषध लागेल, आणि ते काम कुठलंही व्हिटॅमिन करत नाही. उलट ते औषध सुरू करण्याआधी डी आणि कॅल्शियम भरून घ्यावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं. म्हणजे पुडी आईंना हवीच आहे, पण ती पायाभरणी आहे, घर नव्हे.

आता व्हिटॅमिनांकडे. यात सगळ्यांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. ‘कमी असलं की नुकसान होतं, म्हणजे जास्त घेतलं की फायदा होईल’ हे आपण मनाशी धरून चालतो. हाडांच्या बाबतीत तसं दिसलेलं नाही. १९९२ साली फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमांतल्या तीन हजारांहून जास्त म्हाताऱ्या बायकांपैकी निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं. दीड वर्षात त्यांच्यात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी निघालं. या बायका घराबाहेर पडत नव्हत्या, खाणं तुटपुंजं होतं. म्हणजे खड्डा होता आणि तो भरला गेला. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांचा अभ्यास आला. पन्नाशीच्या पुढचे, बहुतेक धडधाकट, डी बऱ्यापैकी असलेले लोक. त्यांना पाच वर्षं रोज २००० युनिट डी दिलं तरी हाडं मोडण्यात काहीच फरक पडला नाही. खड्डाच नव्हता, भरणार काय?

२०१० चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास तर मी पुडीवाल्या प्रत्येक घराला सांगते. सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, सोयीचं जावं म्हणून. त्या गटात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण दोन्ही वाढलं.

आईंचं ९ आणि तुमचं १६, दोन्ही २० च्या खाली, म्हणजे तुमच्याकडे खड्डा आहे. आईंचा खोल, तुमचा उथळ. आईंना पाठ, मांड्या, बरगड्या अशी सगळीकडे ठसठस आहे का, पाटावरून किंवा खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात का, हे विचारा. डी फार खाली गेलं की हाड मऊ पडतं आणि स्नायूही ढिले पडतात. आपण ते ‘वयाचं दुखणं’ म्हणून तेल चोळत बसतो.

पुडीचा हिशोब असा. ६०,००० युनिट आठवड्याला एकदा, साधारण आठ आठवडे, म्हणजे रोजचे साडेआठ हजारांच्या आसपास झाले. हा भरणीचा डोस. त्यानंतर डॉक्टर बहुधा महिन्याला एक करतात, ते रोजचे २००० पडतात. काही जण रोजची ८०० ते १००० ची छोटी गोळी देतात, आणि पंच्याहत्तरीपुढच्या माणसांसाठी मला तीच आवडते. रोज थोडं थोडं शरीराला झेपतं, विसरलं तरी बिघडत नाही, चुकून दोनदा घेतलं तरी बिघडत नाही. पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या. डी ला तुपातेलाची सोबत लागते. सकाळी पाण्यात ढवळून उपाशीपोटी घेतली तर बरंचसं वाया जातं.

चुकीच्या डोसाबद्दल इतकं का सांगतेय तर एक बाई अजून डोळ्यांसमोर आहेत. सत्तर-बहात्तरच्या असतील. घरच्यांनी आणलं तेव्हा त्या असंबद्ध बोलत होत्या, उलट्या, आठ दिवस पोट साफ नाही, सारखं पाणी मागत होत्या. घरात सगळ्यांना वाटलं डोक्यात काहीतरी झालंय. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर निघालं. आहाराची माहिती घ्यायला मला बोलावलं होतं. मी त्यांच्या सुनेला म्हटलं, घरातली गोळ्यांची पिशवीच घेऊन ये. पिशवीत रबर लावून ठेवलेल्या रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा होता. सुनेनं हिशोबासाठी जपून ठेवलेला. मी मोजल्या, सत्तावन्न भरल्या. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून’ असं इंग्रजीत, घसट्या अक्षरात होतं, आणि ते घरी कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. बाईंनी दोन महिने रोज एक घेतली. डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे बंद केल्यावरही कॅल्शियम उतरायला कित्येक आठवडे लागले. तेव्हापासून मी पुडीवर वार लिहायला सांगते. स्केचपेननं, मोठ्या अक्षरात, ‘रविवार’. तुम्हीही आजच लिहा.

उन्हाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे कोवळ्या उन्हाचं फार प्रस्थ आहे. मेघदूत बागेत किंवा नेहरू पार्कात सकाळी साडेसहाला स्वेटर, मफलर, पायमोजे घालून तासभर फिरणारे काका मला म्हणतात, ‘आम्ही रोज ऊन घेतो हो, तरी डी कमी कसं?’ त्या फिरण्यानं पाय चांगले राहतील, मन प्रसन्न राहील, डी मात्र मिळणार नाही. डी बनवणारे किरण सूर्य वर चढल्याशिवाय जमिनीपर्यंत पुरेसे पोचत नाहीत, आणि काचेतून तर येतच नाहीत. गॅलरीला स्लाइडिंगच्या काचा लावून त्यामागे उन्हात बसणं म्हणजे नुसती ऊब. सोपी खूण सांगते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खालीच, त्यामुळे जूनच्या दुपारी सावली पायाखाली जवळजवळ गुडूप होते. डिसेंबरात मात्र साडेबाराच्या सुमारासही ती जेमतेम आपल्या उंचीएवढी असते. म्हणून हिवाळ्यात बारा ते एक, आणि उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ-दहा, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे, पंधरा-वीस मिनिटं. मेमध्ये भर दुपारी आईंना गच्चीवर बसवू नका. आणि सत्तरीपुढची त्वचा तरुण त्वचेच्या मानानं बरंच कमी डी बनवते. आईंच्या बाबतीत उन्हावर भिस्त ठेवता येणार नाही, तुमच्या बाबतीत थोडी ठेवता येईल.

आता ताट, माझा आवडता भाग. तुम्ही आईंचा दिवस छान लिहून पाठवलात: सकाळी चहा, मग पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, चारला चहा आणि शेव, रात्री खिचडी किंवा एक पोळी. दही बंद, कारण ‘आंबटानं सांधे धरतात’. मी कॅल्शियम मांडलं. दोन चहांत मिळून शंभर मिली दूध, ते १२०. पोळ्यांचं तीस-चाळीस. वरणाचं तेवढंच. भाजीचं साठ-सत्तर. पोहे-भात जवळपास शून्य. बेरीज फार तर ३०० मिलिग्रॅम. पाळी गेल्यानंतर बाईला दिवसाला १२०० लागतं. कमी पडलं की शरीर हाडांतून उचलतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर कमी होऊ देत नाही, म्हणून रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल दिसलं म्हणजे हाडं ठीक आहेत असं समजू नका. पासबुकात शिल्लक दिसते, पण ती ठेव मोडून भरलेली असते.

शेवेबद्दल बोलल्याशिवाय इंदूरच्या माणसाला आहार सांगता येत नाही. पोह्यांवर शेव, खिचडीत शेव, भाजी नसली तर शेवेची भाजी. शेव सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकणार! पण मीठ जास्त गेलं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. चारच्या चहाबरोबरची शेव काढून तिथे मूठभर फुटाणे ठेवा, पोह्यांवरची राहू दे.

मग १२०० जुळवायचं कसं? रात्री एक मोठा पेला दूध, अडीचशे मिली, त्याचं ३००. दुपारी वाटीभर घरचं ताजं दही, दीडशे ग्रॅम, त्याचं पावणेदोनशे. दह्यानं सांधे धरतात याला आधार नाही. तरी आई ऐकणार नसतील तर वाद घालू नका, त्याच दुधाची पातळ खीर करा किंवा आठवड्यातून तीन-चारदा पन्नास ग्रॅम पनीर द्या, त्याचं सव्वादोनशेच्या आसपास मिळतं. ताक चालेल, पण आपलं ताक म्हणजे दोन चमचे दह्यात तांब्याभर पाणी, त्यात कॅल्शियम तेवढंच दोन चमच्यांचं. तिळाची चटणी रोज दोन चमचे. मात्र तीळ सालासकट हवेत. थंडीत मुरैन्याची गजक आली की लोक मला फोन करून विचारतात, आता कॅल्शियम झालं ना? साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियमचा बराचसा भाग सालाबरोबर गेलेला असतो, वर गुळ-साखर. गजक खावी गजकेसाठी. नाचणी चांगली, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, पण माळव्यात ती आपल्या रोजच्या ताटातली नव्हे. ज्वारीच्या भाकरीत एक भाग मिसळलीत तर आईंना कळणारही नाही. पालकावर विसंबू नका. त्यात कॅल्शियम आहे, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि फार थोडं अंगी लागतं. मेथी, शेवग्याचा पाला बरा.

दूध-दह्यावर माझा एवढा भर का, तर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धनिवासांत झालेला अभ्यास. सात हजारांवर रहिवासी, डी सगळ्यांचं आधीच पुरेसं. निम्म्या ठिकाणी फक्त दूध, दही, चीज वाढवलं. दोन वर्षांत हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं ४६ टक्क्यांनी कमी झालं. त्यात कॅल्शियमबरोबर प्रथिनंही वाढली होती, आणि मला वाटतं अर्धं श्रेय तिथे आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘आता पचत नाही’ म्हणत वरणाचं पाणी आणि भातावर येतात. आईंचं वजन तुम्ही ५० किलो लिहिलंय, तर ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. सध्या तिशीच्या घरात आहेत. वरण पळीवाढं न करता घट्ट करा, सकाळी पोह्यांऐवजी एक दिवसाआड मुगाचं धिरडं, अंडं चालत असेल तर उत्तमच. मूत्रपिंडाचा त्रास असला तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, तिथे हिशोब वेगळा.

एवढं करूनही दोन-तीनशे कमी पडलं तरच गोळी. गोळीवरचे आकडे नीट वाचा. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ म्हणजे खरं कॅल्शियम ५००. ‘कॅल्शियम कार्बोनेट ५००’ लिहिलं असेल तर खरं फक्त २००. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. आई ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर कॅल्शियम सायट्रेट बरं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीबरोबर तर नकोच.

मुतखड्याची भीती उलटी आहे. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि बाहेर नेतं, म्हणून दूध-दही बंद केल्यानं खडे वाढूही शकतात. गोळ्यांचं तसं नाही. अमेरिकेत ३६ हजार बायकांपैकी निम्म्यांना १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी देऊन पाहिलं, त्यांच्यात मुतखडे १७ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणून आईंच्या बाबतीत ताट आधी, गोळी शेवटी, आणि घेतलीच तर जेवणाच्या घासाबरोबर. पाणी भरपूर.

आता ती शेवटची ओळ. रक्त पातळ करणारी गोळी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमरॉल प्रकारची असेल, म्हणजे जिच्यासाठी मधूनमधून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासायला लागतं, तर ती के ला अडवूनच काम करते. वरून के-टू दिलं तर गोळीचा असर कमी होऊन गुठळीचा धोका. तेव्हा ती महागडी गोळी आईंना देऊ नका, आणि आत्तापर्यंत दिली असेल तर डॉक्टरांना आज सांगा, आयएनआर लवकर बघावं लागेल. नव्या प्रकारच्या, आयएनआर न लागणाऱ्या गोळ्यांना हा अडथळा नाही, म्हणून पाकिटावरचं नाव बघून मगच ठरवा. पालेभाजी बंद करायची गरज नाही, फक्त प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. एक दिवस जुडीभर मेथी आणि मग आठ दिवस काहीच नाही, असं नको.

तुमच्यासाठीही के-टू वर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. के हाडातल्या एका प्रथिनाला कॅल्शियम धरायला मदत करतं हे खरं. पण जपानमध्ये ते हाडांचं औषध म्हणून दिवसाला ४५ मिलिग्रॅम देतात, आणि आपल्याकडच्या गोळीत दुसऱ्या जातीचं ४५ किंवा ९० मायक्रोग्रॅम असतं. मिलि आणि मायक्रोमध्ये हजारपटींचा फरक. जपानचं नाव सांगून इथली गोळी विकणं म्हणजे हत्ती दाखवून उंदीर देणं. तुम्ही पालेभाजी खाता, तेवढं पुरे.

बी-१२ तपासा, दोघींचं. शाकाहारी घर, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रोजची ॲसिडिटीची गोळी असेल तर ते हमखास खाली जातं. बी-१२ दिल्यानं हाडं मोडायची थांबतात असं अभ्यासात दिसलेलं नाही. मी ते बघते पायांसाठी. तळपाय बधिर झाले, जमीन नीट कळेनाशी झाली की माणूस पडतो. आणि माशाच्या यकृताच्या तेलाच्या (कॉड लिव्हर ऑइल) कॅप्सूल कुणी सुचवल्या तर त्यातलं व्हिटॅमिन ए किती ते बघा. ए जास्त घेणाऱ्या बायकांमध्ये खुब्याचं हाड जास्त मोडल्याचं दिसलंय. गाजर-भोपळ्यातल्या ए ला ही भीती नाही. सी साठी आवळा किंवा पेरू, गोळी नको.

तुमचं स्वतःचं, थोडक्यात. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडांची झीज सर्वांत वेगानं होते आणि तुम्ही ऐन त्यात आहात. पुड्यांचा कोर्स पुरा करा, मग रोजचे ६०० ते १००० युनिट, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा डी तपासून विषय संपवा. दर दोन महिन्यांनी तपासणी हा केवळ खर्च आहे. दुधा-दह्याचा हिशोब तुम्हालाही लागू. मात्र नुसतं खाऊन हाड घट्ट होत नाही, त्याच्यावर भार पडावा लागतो: जिने, भरभर चालणं, आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांपासून सुरू केला तरी चालेल. डेक्सा साधारण पासष्टीनंतर सगळ्या बायकांचा करतात, पण आईंचं हाड मोडलंय, तुमचं वजनही ४६ च आहे, तेव्हा तुमचाही आत्ताच करावा का, ते डॉक्टरांना विचारा.

आणि घरातली ती फरशी. न्हाणीघरात धरायला भिंतीला दांडा, रात्री जायच्या वाटेवर छोटा दिवा, पायपुसणं घसरणारं असेल तर फेकून द्या. आईंना हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला सांगा आणि घड्याळ लावा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टकडे न्या.

आईंचा डेक्सा झाला की खुबा आणि मणका, दोन्हींचे टी-स्कोर कळवा. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), कॅल्शियम आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं पाकिटावरचं नाव. आणखी एक, आईंची जुनी उंची कुठे लिहिलेली असेल तर शोधा, पासपोर्टात किंवा एखाद्या जुन्या फाइलीत. आज भिंतीला टेकवून मोजा. दीड इंचाहून जास्त फरक आला तर मणक्याचा एक्स-रेही लागेल. मणका मोडलेला बऱ्याच जणींना दुखून कळत नाही, साडी लांब व्हायला लागली म्हणून कळतो.